मायचं लुगडं

रिटायर झालेले मास्तर पारावर बसतात, मी गोधड्या शिवायला बसलो. हसा, माझी बायकोही हसते. पण माझी गोधडी पांघरायची नाही, भिंतीवर लावायची. कापडावर कापड ठेवून त्यातून चित्र काढायचं.

पहिली गोधडी आमच्या वावराची केली. काळी माती, हिरवंगार सोयाबीन, धुऱ्यानं, म्हणजे बांधाच्या कडेनं, तुरीचा पिवळा फुलोरा. ती पाहायला माझी थोरली बहीण खास मेडशीहून एसटीनं आली. माय ज्यात वावर निंदायची, तण काढायची, ते तिचं एकच लुगडं उरलं होतं, ते "गोधडीत लाव" म्हणून अक्कानंच मला दिलं होतं.

अक्का बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मायचं लुगडं कुठी हाय रे?"

"आत हाय अक्का, मधात भरलं. लय झिजलं होतं, वरतं चांगलं दिसत नव्हतं."

ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "वावर तं देखनं काढलं तुनं. अन् माय आतच. जित्ती होती तवाबी तसंच केलं आपन, पाव्हने आले का तिले आत धाडलं."

ती गेल्यावर मी कात्री घेतली. सोयाबीनच्या दोन ओळींमधलं काळं कापड वीतभर कापलं, कडा आत दुमडून टाके घातले. आतलं विटकं लाल लुगडं दिसायला लागलं.

आता घरी आलेला प्रत्येकजण बोट दाखवतो, "गुरुजी, गोधडी फाटली ना इथं."

मी म्हणतो, "फाटली नाही बाबू. माय निंदून राह्यली तिथं."