झाड नसल्याचा दाखला

...तसं नाही हो मिस्त्री, कागद आणले म्हणजे परवानगी हातात पडली असं नसतं, बसा आधी — ते स्टूल डुगडुगतं, तुम्हा सुतारमाणसाला काय सांगायचं — हं, दाखवा. अग्निशमनचं पत्र, बरं. वाहतूक पोलिसांचं, तेही आलं. लाउडस्पीकरचा परवाना रात्री दहापर्यंत — आणि दहा म्हणजे दहा हं, तुमच्या गल्लीतल्या नाटकातला तो नायक शेवटच्या अंकात मरायला फार वेळ लावतो असं ऐकलंय, त्याला सांगून ठेवा, दहाच्या आत काय तो जीव सोड म्हणावं. आणि हे काय? उद्यान विभागाचा दाखला? मिळाला? कमाल आहे. वाचते हं — ‘सदर चौकाची पाहणी केली असता तेथे एकही झाड आढळून आले नाही, सबब रंगमंच उभारण्यास या विभागाची हरकत नाही.’ सही, शिक्का, सगळं. नाही, हसत नाहीये मी. खोकला आलाय. झाड नाही म्हणून झाडवाल्यांची हरकत नाही — चोख काम केलंय, त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

चौकाचा नकाशा ना? तो नाही परत मिळायचा, तो दफ्तरी जमा. कुठे म्हणजे — इथेच असेल कुठेतरी, या ढिगात — अहो, तो डबा उचलू नका, माझा जेवणाचा — बरं, उचललात. असू दे. नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवलाय तो हाताशी असावा म्हणून, दुसरं काही नाही. एरवी लोक काय आणतात माहितीये? एक चौकोन, मधे फुली, खाली ‘येथे स्टेज’. झाला नकाशा. तुम्ही विजेचा खांब काढलात, न्हाव्याचं दुकान काढलंत, बाकावरचा म्हातारा काढलात, त्याची काठी काढलीत — आता हा म्हातारा मी अर्जातल्या कुठल्या रकान्यात बसवू? शेजारच्या खिडकीतल्या बाई रोज येऊन बघून जातात. त्यांना काय, निमित्तच हवं असतं. परवा म्हणाल्या, आज तुमचे मिस्त्री नाही आले वाटतं? मी म्हटलं, माझे कसले, गल्लीचे.

पण मिस्त्री, एक विचारू? पूर्वी तुमचे मेहुणे यायचे ना परवानग्यांना — त्यांचं काम एका फेरीत व्हायचं. सगळे कागद क्रमाने लावलेले, आम्हाला बोट ठेवायला जागा नसायची. आणि तुम्ही? एक कागद आणायचा, दुसरा घरी. दुसरा आणलात की तिसरा राहिला. विसराळूपणालाही काही हद्द असते — खेटे घालून घालून चपला झिजल्या असतील तुमच्या. मी म्हणते, हातात इतकी सफाई असलेला माणूस, खिळा वाकडा जात नाही म्हणे तुमचा, आणि कागदांत असा गोंधळ? कालच साहेब तुमची फाइल चाळत होते, कोपऱ्यात मी लिहिलेलं वाचलं, ‘उद्यान विभागाचा दाखला बाकी’, आणि म्हणाले, बाई, हा दाखला आपण कधीपासून मागायला लागलो — म्हणजे मागतो आपण. कधीकधी. झाड असलं तर. आता झाड आहे की नाही हे दाखल्याशिवाय कळणार कसं? तुमच्या नकाशात झाड नव्हतं हे खरं, पण म्हातारा काढायच्या नादात राहूनही गेलं असेल. नियम म्हणजे नियम. काय बघताय असे?

बरं, जाऊ द्या. साहेबांची सही झालीये, फक्त शिक्का राहिलाय. कार्यक्रम परवा रविवारी, उद्या ऑफिस बंद, म्हणजे आज शिक्का बसला नाही तर नायक घरीच मरणार. मारते, मारते — शाई जरा वाळलीये. इतकी काय घाई आहे? हा शिक्का बसला की तुमचं या खिडकीशी काम संपलं. संपलंच की. वर्षभर इकडे कशाला फिरकाल तुम्ही? इथे माणसं भांडायला येतात हो, टेबलावर हात आपटतात, माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघतात. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, बाई, जेवलात का? मला आधी कळेचना कुणाला विचारताय. हे गेल्यापासून घरी मी आणि सासूबाई, त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून दिवसभराचं बोलणं मी इथेच उरकून घेते. तुम्ही येत नाही त्या दिवशी — त्या दिवशी फाइल पुढे सरकत नाही, एवढंच म्हणायचं होतं मला.

मी? मी कुठली येतेय. पाहणीला आमचे निरीक्षक येतात. इतकी वर्षं कार्यक्रमांना परवानग्या दिल्या, पण एकाही कार्यक्रमाला गेले नाही मी, खरंच. कुणी या म्हटलंच नाही, आणि परवानगी देणाऱ्या बाईला बोलवायचं कुणाच्या डोक्यात येणार? — एक खुर्ची? छे, खुर्च्यांचा आकडा अर्जात लिहून झालाय, आता वाढवता येत नाही. — तुमची स्वतःची? मग तुम्ही कुठे बसाल? — असं. पडदा ओढायला उभंच राहावं लागतं होय. बघू. सासूबाईंना विचारावं लागेल. पुढच्या रांगेत असेल तर त्यांनाही आणता येईल, दिसतं त्यांना चांगलं.

हा घ्या, मारला शिक्का. आणि पुढच्या वर्षी असे हेलपाटे घालू नका, आधी मेहुण्यांना विचारून या, त्यांना सगळं पाठ आहे, कुठला कागद लागतो, कुठला — काय म्हणालात? मेहुणे नुसते आणून द्यायचे? मग कागद लावायचं कोण? — तुम्ही? सगळे? दर वर्षी? मग कुठला दाखला लागतो न् कुठला लागत नाही, हे तुम्हाला — पहिल्याच दिवशी? मी मागितला तेव्हाच? आणि तरी गेलात उद्यान विभागात, त्या माणसाला भर उन्हात चौकात आणलंत, त्याच्याबरोबर झाड शोधत फिरलात —

नाही, पाणी नको.

मागचे, या तुम्ही पुढे, यांचं झालंय. जा मिस्त्री. रविवारी बोलू.