फाटकातलं झाड

(विस्कॉन्सिन. जानेवारी, सकाळचे दहा. गोठलेल्या तळ्याचा काठ. बर्फावरच्या शर्यतीसाठी बोटींना पाती आणि शिडं चढवली जात आहेत. साठी ओलांडलेली दोन माणसं पिकअपच्या उघड्या फळीवर बसली आहेत. मध्ये थर्मास, दुर्बीण आणि वॉकीटॉकी.)

मार्लिस : दहा इंच आहे की नाही, एवढंच सांग.

ओर्लिन : दहा आहे.

मार्लिस : फाटकातसुद्धा?

ओर्लिन : फाटकात नऊ भोकं पाडली गिरमिटानं. आठांत दहा, एकात सव्वादहा. पहारीनं ठोकून पाहिला. दगड आहे दगड.

मार्लिस : मग असं तोंड करून का बसलायस? एकतीस बोटी आल्यात. मॅडिसनची मंडळी पहाटे चारला निघाली घरातून. रात्री हिम पडणार, म्हणजे हा बर्फ आजचाच. आणि बर्फ तपासणारा म्हणतो, फाटक बंद करू.

ओर्लिन : भेगेच्या अलीकडे घेऊ दे की शर्यत. अर्धं तळं आहे.

मार्लिस : अर्ध्या तळ्यात पोरं घसरगुंडी खेळतात. करंडकासाठी पूर्ण तळं लागतं. माझी ब्रिट तीन हिवाळे राबलीय बापाच्या बोटीवर. फळी बदलली, पाती घासली, डोलकाठीला सात हात वार्निश दिलं. माझ्या बैठकीच्या खोलीत! अजून पडद्यांना वास आहे. आज पहिल्यांदा उतरतेय ती.

ओर्लिन : माहीत आहे मला.

मार्लिस : तळ्याला भेग दरवर्षी पडते. चर्चच्या टोकापासून चाऱ्याच्या सायलोपर्यंत, तिथंच. दरवर्षी तू धोक्याची खूण म्हणून तिच्यावर झाडं लावतोस, बर्फ जाड असेल तिथे एक फाटक ठेवतोस, बोटी त्यातून जातात नि येतात. यंदा काय झालं?

ओर्लिन : फाटकात झाड उभं आहे.

मार्लिस : कसलं झाड?

ओर्लिन : नाताळचं. लावतो तसलंच.

मार्लिस : मग काढ की. त्यात माझ्याशी चर्चा कसली?

ओर्लिन : मंगळवारपासून काढतोय.

मार्लिस : दे ती दुर्बीण. कुठे… एक लाल फडकं, दुसरं लाल फडकं… हं. आहे खरं. मधोमध. बुटकं आहे. शेंडा मोडलाय बिचाऱ्याचा, काठीला बांधलाय कुणीतरी. निळ्या लोकरीनं.

ओर्लिन : लोकर दिसली तुला?

मार्लिस : मोतीबिंदू काढलाय ऑक्टोबरात. गिधाडासारखं दिसतं आता.

ओर्लिन : मला वाटत होतं, मला एकट्यालाच…

मार्लिस : काय?

ओर्लिन : काही नाही. कॉफी दे थोडी.

मार्लिस : शाळेतल्या पोरांची मस्ती असणार. मागे नाही का, तुझ्या मासे धरायच्या खोपटात बकरी कोंडली होती?

ओर्लिन : बकरी कोंडताना बर्फावर ओरखडे उठतात. बुटाला खिळे नसतील तर माणूस तिथवर पोचत नाही, आणि असतील तर खुणा राहतात. तिथे माझ्याशिवाय कुणाच्या खुणा नाहीत. बरं, झाड उभं करायचं तर भोक पाडावं लागतं. भोक पाडलं की भोवती भुसा पडतो बर्फाचा. भुसा नाही.

मार्लिस : वाऱ्यानं नेला असेल.

ओर्लिन : तीन दिवस वारा नाही, मार्लिस. कालपर्यंत सगळे त्याच्याच नावानं रडत होते. मंगळवारी मी ते करवतीनं कापलं, बर्फाला लावून. बुधवारी पुन्हा उभं. मग आडवा पडून बघितलं. काळा बर्फ, काचेसारखा. बुंधा आत गेलेला दिसतो. दहा इंच जाऊन खाली पाण्यात. भोक नाही की कड नाही. म्हणजे झाड आधी उभं होतं आणि पाणी नंतर त्याच्याभोवती गोठलं, असं.

मार्लिस : हे तू क्लबात कुणाला सांगितलंस?

ओर्लिन : सांगून? एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, एकटा राहतो. पहार काढून घेतील हातातून.

मार्लिस : घेतीलच. मीच घेईन. ओर्लिन, माझ्याकडे बघ. तू झोपतोस का नीट?

ओर्लिन : झोपेचं नाही हे. ते झाड माझ्या ओळखीचं आहे.

मार्लिस : झाडं काय ओळखीची असतात?

ओर्लिन : शेंडा माझ्या हातून मोडला होता, दारातून आत घेताना. माझी ल्यूएला आजारी होती, पलंगावरून ओरडली माझ्यावर. मग तिनंच तिच्या विणायच्या लोकरीनं बांधला. निळ्या. ते आमच्या घरचं झाड आहे. नऊ वर्षांपूर्वीचं.

मार्लिस : नऊ.

ओर्लिन : हो.

मार्लिस : माझा वेन्डल गेला त्या वर्षीचं.

ओर्लिन : हो. आणि ते मी मार्चमध्ये जाळलं होतं. ल्यूएला गेल्यावर, मागच्या अंगणात. तू होतीस तिथे. जेवणाची भांडी घेऊन आली होतीस.

मार्लिस : कप खाली ठेव. काय सांगायचंय तुला?

ओर्लिन : त्या वर्षी भेगेला बारा झाडं लागत होती. गावानं काठावर आणून टाकलेली अकरा भरली. बारावं मी आमचं धरलं होतं. पण ल्यूएला म्हणाली, राहू दे अजून. पलंग पुढच्या खोलीत आणला होता तिचा. दिवे लावलेलं झाड समोर असलं की बरं वाटायचं तिला. मी म्हटलं, राहू दे. उद्या दुसरं कुठलंतरी आणू.

मार्लिस : आणि अकराच लावलीस.

ओर्लिन : अकराच.

मार्लिस : जागा कुठली सोडलीस?

ओर्लिन : सातव्यानंतरची.

मार्लिस : दोन झाडांत पावलं किती असतात?

ओर्लिन : तुला माहीत आहे.

मार्लिस : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

ओर्लिन : चाळीस.

मार्लिस : मग सातव्यापासून पुढच्या झाडापर्यंत किती झाली?

ओर्लिन : ऐंशी.

मार्लिस : आपल्या तळ्यावर ऐंशी पावलं मोकळी ठेवली की त्याला काय म्हणतात?

ओर्लिन : मार्लिस…

मार्लिस : काय म्हणतात?

ओर्लिन : फाटक.

मार्लिस : कुणी ठरवलं होतं ते?

ओर्लिन : वेन्डलच्या आजोबांनी. तेव्हा फडकी नव्हती. नुसतं अंतर बघून जायचे सगळे. फडकी वेन्डल गेल्यावर आली.

मार्लिस : खरं फाटक कुठे होतं त्या दिवशी?

ओर्लिन : सायलोच्या बाजूला. तेही ऐंशीच.

मार्लिस : म्हणजे परत येताना वेन्डलला दोन फाटकं दिसली. त्यानं जवळचं घेतलं, आणि भेगेवरचा बर्फ फुटला.

ओर्लिन : हो.

मार्लिस : क्लबानं अहवालात काय लिहिलं? मला पाठ आहे, तू ऐक. 'चालकाने घाईपोटी झाडांची रांग ओलांडली.' आणि सातव्यापुढे झाड नव्हतं, त्याचं काय म्हणाले?

ओर्लिन : म्हणाले, पाण्यात गेलं असेल बर्फाबरोबर. मला विचारलं, बाराच लावली होतीस ना?

मार्लिस : आणि?

ओर्लिन : मी मान हलवली. आधी नुसती मान हलवली. मग सही केली.

मार्लिस : वेन्डलनं रांग ओलांडली नव्हती.

ओर्लिन : नाही. तो फाटकातूनच गेला.

मार्लिस : दफनाच्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात बश्या पुसत होतास. मी तुला एक गोष्ट सांगितली होती. आठवते?

ओर्लिन : आठवते.

मार्लिस : आजवर दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. ब्रिटलाही नाही. काय सांगितलं होतं?

ओर्लिन : की सकाळी तू त्याला बजावलं होतंस, तीनच्या आत ये, ब्रिटचं शाळेत गाणं आहे, गेल्या वेळेसारखा उशीर केलास तर घरात घेणार नाही.

मार्लिस : 'तर तळ्यावरच झोप' असं म्हटलं होतं मी. तेव्हाही तुला असंच सांगितलं होतं, तू आता बदलून सांगतोयस. आणि त्यावर तू काय म्हणालास?

ओर्लिन : म्हणालो, स्वतःला दोष देऊ नकोस.

मार्लिस : किती छान बोललास. हातात माझंच फडकं होतं. त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारी माझ्या टेबलावर जेवलास. बटाटे वाढून घेतलेस. नऊ वर्षं मी दुपारी तीनला घड्याळाकडे बघत नाही, हे तुला ठाऊक आहे. चिडवायचास त्यावरून.

ओर्लिन : शेवटी नाही चिडवलं.

मार्लिस : नाही. शेवटी नाही.

ओर्लिन : दर रविवारी ठरवून यायचो. आज सांगायचं. फाटकापर्यंत यायचो तुझ्या… दारापर्यंत. मग तू म्हणायचीस, आलास का, लवकर बस, निवतंय.

मार्लिस : मग आज का सांगितलंस? झाडाला घाबरून?

ओर्लिन : फाटक बंद करायला कारण द्यावं लागतं. बर्फात कारण सापडेना. दहा इंच आहे, खोटं कसं सांगू? एवढं एकच कारण होतं माझ्याकडे. आणि ब्रिट जायचीय त्यातून.

ब्रिट : (वॉकीवर) आई! ए आई! ऐकू येतंय का? तो चिकित्सक काका आहे का तिथे? पंच विचारतायत, फाटक उघडं की बंद. अर्धा तास झाला म्हणावं, त्याची मिशी गोठली असेल तर हातानं खूण करू दे.

मार्लिस : मी बोलतेय. कुठे आहेस तू?

ब्रिट : फाटकात.

मार्लिस : काय?

ब्रिट : बोट अलीकडे लावलीय, आधी चालत बघायला आले. पहार आहे, पाण्यात पडलं तर वर यायला गळ्यात टोचे आहेत, सगळं आहे. ओरडू नकोस. आई, काय बर्फ आहे गं! खालचं शेवाळ दिसतंय. मासा दिसला एक, डुलक्या घेत होता.

मार्लिस : झाडाच्या कुठल्या बाजूला उभी आहेस?

ब्रिट : कुठल्या झाडाच्या? इकडे लाल फडक्याचं एक, तिकडे लाल फडक्याचं एक. मी मध्ये.

मार्लिस : मधलं झाड. बुटकं. शेंडा बांधलेलं.

ब्रिट : मध्ये झाड नाहीये आई.

मार्लिस : नीट बघ.

ब्रिट : बघायचं काय त्यात? आरसा आहे नुसता. मीच उभी आहे, माझंच तोंड दिसतंय खाली. तू दुर्बीण उलटी धरलीस का?

मार्लिस : ओर्लिन, तू बघ.

ओर्लिन : बघितलं.

मार्लिस : ती कुठे आहे?

ओर्लिन : झाडापाशी. उजवा हात फांदीत आहे तिचा.

मार्लिस : मलाही तसंच दिसतंय.

ब्रिट : हॅलो? तुम्ही दोघं सकाळीच ब्रँडी उघडली का?

मार्लिस : ब्रिट, ऐक. हसू नकोस. आलीस त्याच पावलांवरून मागे फिर. पळू नकोस. पाय घासत ये, पहार आडवी धर. बोटीपाशी पोचलीस की सांग.

ब्रिट : का? बर्फ तर…

मार्लिस : बर्फ चांगला आहे. तरी ये.

ब्रिट : आई, तुझा आवाज असा का येतोय?

मार्लिस : चाल आधी.

ओर्लिन : चालतेय. दहा पावलं झाली. नीट चालतेय.

मार्लिस : तू बोलू नकोस माझ्याशी.

ओर्लिन : नाही बोलत.

मार्लिस : मला का दिसतं ते झाड? तुला दिसलं, समजलं. मला का दिसावं? बोल की आता!

ओर्लिन : तुला दिसू नये, असं मलाही वाटत होतं. तुझा काही संबंध नव्हता त्यात. तू त्याला घाई केलीस म्हणून तो गेला नाही. फाटक होतं म्हणून गेला.

मार्लिस : पुन्हा म्हण.

ओर्लिन : फाटक होतं म्हणून गेला, मार्लिस.

ब्रिट : पोचले बोटीपाशी. आता तरी सांगा काय भानगड आहे. मॅडिसनवाले माझ्याकडे असं बघतायत की मीच त्यांचं तळं चोरलंय.

मार्लिस : फाटक बंद. शर्यत अलीकडे.

ब्रिट : आई! करंडक जाईल!

मार्लिस : जाऊ दे.

ब्रिट : पंचांना काय सांगू? दहा इंचांवर फाटक बंद का, याचं कारण लिहून द्यावं लागतं. काय लिहू?

मार्लिस : लिही, फाटकात झाड आहे.

ब्रिट : झाड नाहीये! मी आत्ता तिथे उभी होते! आणि समजा असलं, तर कुणाचं? कुणी आणलं?

मार्लिस : (वॉकी ओर्लिनपुढे धरते.)

ब्रिट : आई?

मार्लिस : घे. हे बटण दाबून धर नि बोल. मी नाही सांगणार तुझ्याऐवजी.

ओर्लिन : ब्रिट. ओर्लिन बोलतोय. खाली बस जरा, बोटीच्या फळीवर. बसलीस?

ब्रिट : बसले. काय झालं, काका?

ओर्लिन : झाड माझ्या घरचं आहे. तुझा बाबा गेला त्या वर्षी आणायचं राहिलं होतं.