दिगूने बसवलेला काटा

मंडळी,

माईक जरा खाली करा. हां, बस.

भर उन्हातून तुम्ही सगळे दिगूसाठी आलात. पिकअपवाले आलात, बागायतदार आलात, आमच्या शाळेतले दोघेचौघे सोबती मागे बसलेले दिसतायत. मला शब्द सुचत नाहीत असं मी म्हणणार नाही. सुचतायत, पण ते शोकसभेत बोलण्यासारखे नाहीत. आत्तापर्यंत सगळे दिगूबद्दल चांगलं बोलले. खरंच बोलले. मी मात्र त्याच्यावर रागावून आलोय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, आणि त्याच्या बायकोला, शैलावहिनींना, विचारून बोलणार आहे.

आमची पिकअप भागीत होती. आंबा माझा, गॅरेज दिगूचं, गाडी दोघांची. कोल्हापूरच्या मार्केटला पेट्या न्यायच्या. आणि आंबा घाट लागला की त्या गाडीला धाप लागायची. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाला देणारा मूळचा फीड पंप म्हातारा झालेला. वर ऊन, मागे भरलेल्या पेट्या, आणि ऐन चढावर गाडी एअर घ्यायची. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन बंद. मग मी चाकाला दगड लावायचा आणि दिगूने बॉनेट उघडून हाताने पंप मारत हवा काढायची. तोवर मागे हापूस उकडायचा.

शेवटी दिगू म्हणाला, "पुरे झालं. नवा बसवतो." टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, जाड नळी टाकली, नवा फिल्टर लावला. आणि डॅशबोर्डवर दोन मीटर. एक इंजिन किती तापलं ते दाखवणारा, दुसरा डिझेलच्या दाबाचा. तो दुसरा खास माझ्यासाठी. म्हणाला, "तू जन्माचा घाबरट. काटा मध्ये असला म्हणजे डिझेल नीट येतंय. काटा बघ नि गप बस."

मी गप्प बसलो नाही. चढ लागला की काटा थोडा खाली यायचा, आणि मी लगेच, "दिगू, थांबवतो." तो सांगायचा, चढावर इंजिन जास्त पितं, एवढा उतरायचाच. मी ऐकत नसे. गाडी बाजूला घ्यायचो, त्याला बॉनेट उघडायला लावायचो. तो वैतागायचा. "मेल्या, तू आंबे विकायला निघालायस की काटा बघायला?"

पुढच्या हंगामात तो काटा हलायचा थांबला. चावी फिरवली की मध्ये येऊन उभा. घाट चढा, नाहीतर उतरा. मी विचारलं, काय केलंस रे? म्हणाला, "नळीची जागा बदलली. आता नाही पडायचा." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? वर गावभर सांगत फिरलो की दिगूसारखा हात नाही. दरवर्षी पहिली पेटी देवळात ठेवून आम्ही गाऱ्हाणं घालायचो. गुरव म्हणायचा, बा महाराजा, या लेकरांची गाडी सांभाळ, यांच्यात कसलं कपट येऊ देऊ नको. आणि 'होय महाराजा' म्हणताना दिगूचा आवाज सगळ्यांत मोठा.

दिगूचं तेरावं झालं आणि डॅशबोर्डचा दिवा गेला, म्हणून मी गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने डॅशबोर्ड सोडवला नि मला बोलावलं. "हा मीटर कुणी जोडला, काका?" काट्याची वायर डिझेलच्या नळीकडे जातच नव्हती. आतल्या आत चावीच्या वायरला जोडून ठेवलेली. चावी फिरवली की काटा मध्ये. डिझेल येवो न येवो, काटा मध्ये.

मंडळी, इतकी वर्षं मी त्या काट्याच्या भरवशावर घाट चढलो. बायकोला, मुलींना गाडीत घालून नरसोबाच्या वाडीला नेलं. हाही बरोबर होता. मी कौतुकाने म्हणायचो, "दिगू, बघ काटा कसा उभा आहे." हा खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "उभा राहील नाहीतर काय करील." आठवलं की अजून अंगाची आग होते. सख्ख्या भावाने फसवावं तसं फसवलंस रे.

तसाच तणतणत वहिनींकडे गेलो. म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं?

आमची शेवटची फेरी तुम्हाला माहीत आहे. दिगूचा चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, तू पडून राहा, मी एकटा जातो, काटा आहे ना. तरी हा गाडीत येऊन बसला. "सोबतीला येतो." साखरप्याच्या पुढे त्याने छातीला हात लावला. तिथे मोबाईलला रेंज कुठली. मी गाडी मागे फिरवली, पण उशीर झाला होता. साखरप्याच्या एसटीडी बूथवरून वहिनींना फोन मी केला.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता. मी दारात आडवी उभी राहिले. तर म्हणाले, त्या काट्यात राम नाही, तो एकटा कसा जाईल? इंजिन कधी दम सोडतं ते त्याला कळायचं नाही. मी म्हटलं, मग सांगून टाका त्यांना. तर म्हणाले, आता कुठल्या तोंडाने सांगू."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. काटा हलायचा थांबल्यापासून दिगूने मला एकट्याला घाट चढूच दिला नाही. अंगात ताप असो, घरात कार्य असो, हा बाजूला बसलेलाच. मला वाटायचं, याला कोल्हापूरची मिसळ आवडते. हा कान इंजिनाला लावून बसलेला असायचा.

दिगू, खोट्या काट्याचा राग कधीतरी निवला असता. पण सांगायचं होतंस. कुठल्या तोंडाने म्हणे. मला मेल्या म्हणायचास, त्याच तोंडाने सांगायचं. मी चार शिव्या घातल्या असत्या. काही दिवस बोललो नसतो. मग आपणहून गॅरेजवर येऊन चहा मागितला असता. आणि काटा खोटा आहे हे ठाऊक असतं, तर त्या दिवशी गाडी घाटापर्यंत नेलीच नसती. तू घरी पडून राहिला असतास. एवढंच होतं रे. एवढंसंच होतं.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहून तुम्ही त्याला निरोप द्या. मला नाही देता यायचा. माझं त्याच्याशी भांडण अजून संपलेलं नाही.