तूर-भाव

स्वप्निल : काका, जुन्या कंप्युटरात विंडोज सात होती, ह्या नव्यात अकरा आहे. मेलची सगळी सेटिंग इकडं उचलून आणण्यापेक्षा नव्यानंच अकाउंट टाकून देतो ना. मले अमरावतीले दुकान उघडाचं आहे अजून.

खुशालराव : नव्यानं नोको. जसं होतं तसंच आलं पाह्यजे.

रुख्मिणी : काहून?

खुशालराव : तू कायले मंधात पडतं? कृषी केंद्राच्या मेल हायेत. भाव येतात त्याच्यात.

रुख्मिणी : भाव पाहून राहिले असले अन् मी चहा घेऊन आली का, हे स्क्रीन झाकतात, स्वप्निल. तुरीले माह्यी लाज वाटते का?

स्वप्निल : काकू, मले कॉपी करू द्या फक्त.

रुख्मिणी : कर बाप्पा. पण मी हटत नाही अठून. परवा हे फोनवर अकोल्याच्या गाडीचा टाइम विचारत होते. माह्या नावचं वावर हाये. अकोल्याचा कोणी घेणारा पाहून ठेवला असन.

खुशालराव : तुह्या बापानं देल्लेलं वावर इकीन मी?

रुख्मिणी : मंग घामावून काहून राहिले? पंखा चालू हाये.

खुशालराव : स्वप्निल, आटप.

स्वप्निल : झालंच. थांबा... नियम आले, पण एक लाल दाखवून राहिला.

रुख्मिणी : नियम म्हणजे?

स्वप्निल : म्हणजे अमक्याची मेल आली की समोर दाखवायची नाही, परस्पर दुसऱ्या फोल्डरमधे टाकायची. ते 'तूर-भाव' नावाचं फोल्डर जुन्या मशीनवरच राहिलं. म्हणून विचारून राहिला, आता ह्या मेल टाकू कुठं?

खुशालराव : राहू दे. नंतर पाहू.

रुख्मिणी : अमका कोण?

स्वप्निल : काकू, आता मी...

रुख्मिणी : मले बारीक दिसत नाही. तू नाव वाच.

स्वप्निल : आकांक्षा.



रुख्मिणी : आपली आकांक्षा? तिनं अकोल्याच्या पोराशी आपल्या मनानं लग्न केलं, तवा तुमीच म्हणलं, या घरातून कोणी तिच्याशी बोलन त्यानं माह्यं तोंड पाहू नोको. मी तिचा नंबर मिटवला. बाळंतपणाले गेली नाही. अन् तुमी?

खुशालराव : मी बी बोललो नाही. एका मेलले उत्तर देल्लं नाही.

रुख्मिणी : वाचल्या ना पण.

खुशालराव : वाचल्या. आपल्या दुकानातली माणसं बसतात कंप्युटरवर, त्यायले दिसू नोको म्हणून अलग ठेवल्या. मीच शिकून केलं थे. अख्खा रविवार गेला.

रुख्मिणी : अन् थे गाडी?

खुशालराव : बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत गेलो होतो. गाडी आली. चढलो नाही.

स्वप्निल : काका, जुन्या डिस्कवरून फोल्डर जोडलं. सगळ्या मेल आल्या. मी बाहेर थांबतो जरा.

रुख्मिणी : बस तू. तू गेला का हे पुन्हा बंद करतीन. हं, सरका तिकडं. पह्यलीपासून वाचा. मोठ्यानं.

खुशालराव : रुख्मिणी...

रुख्मिणी : वाचा.

खुशालराव : "बाबा, रागावले असान तर राहा. पण आईले बारीक अक्षर दिसत नाही. हे तिले वाचून दाखवजा."

रुख्मिणी : मंग दाखवा.