वर बातमी, खाली गाणं

ऐका मंडळी! मागं बसलेले आजोबा, झोपा नंतर. आज एकच प्रश्न विचारतो. ताटात पुरणपोळी वाढली, पण तिच्यावर मूठभर तिखट टाकलं – आणि समोरचा उपाशी उठला. तर दोष कुणाचा? वाढणाऱ्याचा, की उठणाऱ्याचा?

हां, लगेच बोलू नका! आधी आख्यान ऐका.

आंबवडे नावाचं गाव. गावात भजनी मंडळ. पेटीवर नरहर कुंभोजे आणि पखवाजावर गजानन टोणपे. लहानपणापासूनचे दोस्त! एक समेवर चुकला तर दुसरा सावरणार. अशी जोडी हो!

गजाननाला एक नाद होता. जुन्या कॅसेटी हुडकायचा. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या ट्रंकेतून, नाहीतर भंगारवाल्याच्या पोत्यातून! कुठल्यातरी विसरलेल्या बुवांचं भजन सापडलं की फोनात उतरवायचं आणि सकाळी मंडळाच्या ग्रुपवर पाठवायचं. किती गोड नाद!

पण बुद्धी बघा माणसाची! गजानन म्हणायचा, "नुसतं गाणं पाठवलं तर कोण थांबतंय? वर राजकारणाची खमंग बातमी लावायची. बातमीला माणूस थांबतो, मग खालचं गाणं ऐकतो." गळाला गांडूळ लावतात ना, तसं! मासे आले, मंडळी. पण गांडूळ खाऊन निघून गेले! बातमीवर ऐंशी-ऐंशी उत्तरं. गाण्यावर? एक अंगठासुद्धा नाही!

त्यात निवडणूक लागली. गजानन या झेंड्याचा, नरहर त्या झेंड्याचा. तुम्ही कुठल्या झेंड्याचे ते सांगू नका, मला आरतीपर्यंत इथंच उभं राहायचंय! झालं. रोज सकाळी तोंडाला तोंड. "तुमचे चोर!" "तुमचे दरोडेखोर!" पुढं पुढं तर भजनालाही दोघं एका दिवशी येईनात. पेटी असली तर पखवाज नाही, पखवाज असला तर पेटी नाही. देवानं ऐकायचं तरी काय?

आता नरहरच्या घरात चला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, नाव इंदिराबाई. पण हे नाव फक्त मतदार यादीत! तिचा नवरा, म्हणजे नरहरचे वडील तात्या, मोठे भजनी. पंचक्रोशीत आवाज! पण घरात? "अगं ए." "नरूची आई." तेव्हाची रीतच तशी होती, मंडळी. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला पुरुष लाजायचा. तात्या गेले. आवाज कुठं धरून ठेवलेला नव्हता. म्हातारी एकच म्हणायची, "नरू, जायच्या आधी एकदा त्यांचा आवाज ऐकव रे. उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही त्यांनी. पण आवाज... आवाज लई गोड होता."

हे गजाननाला ठाऊक होतं. भांडण झालं म्हणून माणूस आईला विसरतो का? नाही विसरला! गावोगाव फिरला. शेवटी शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या स्पीकरवाल्याकडं एक कॅसेट मिळाली. आंबवड्याच्या एका जुन्या हरिनाम सप्ताहात त्यानं टेप चालू ठेवला होता. कॅसेट लावली – आणि तात्या गायला लागले! गजानन ढसाढसा रडला हो!

आणि मग काय केलं शहाण्यानं? उठून नरहरच्या दारात जायचं होतं. चार घरं सोडून घर! पण अहंकार पाय धरतो. नरहरच्या फोनवर पाठवलं. निकालाचा दिवस, नरहरची माणसं पडलेली. गजाननानं सवयीनं वर बातमी लावली, लांबलचक, टोमणे मारून. तिच्या तळाला एक ओळ – "नरू, आईला ऐकव." आणि त्याखाली गाणं.

नरहरनं काय वाचलं? पहिला टोमणा! पुढं वाचलंच नाही. दात-ओठ खात उत्तर लिहायला बसला. आतून आई विचारतेय, "नरू, काय करतोस रे?"

"काही नाही आई. एकाला उत्तर देतोय."

गाणं हातात, मंडळी! बोटाखाली! आणि आई पलीकडच्या खोलीत!

गजाननानं ते उत्तर वाचलं, सगळं शिव्यांनी भरलेलं. त्याला वाटलं, बापाचा आवाज ऐकूनसुद्धा हा शिव्याच देतो? रुसून बसला. आणि त्याच आठवड्यात म्हातारी गेली.

गजानन भेटायला गेला. आई जिथं गेली तिथं दिवा तेवतोय. नरहर भिंतीला टेकून बसलाय. गजानन जवळ बसला, हात धरला, म्हणाला, "नरू, एक बरं झालं बघ. आईनं शेवटी ऐकलं तरी."

"काय ऐकलं?"

"तात्यांचा आवाज."

"कुठला आवाज, गजा?"

गजाननानं त्याचा हात सोडला. "तू उत्तर दिलंस की रे! मला वाटलं, ऐकलंस..."

नरहरनं फोन काढला. भांडणं सारत सारत मागं गेला. सापडलं. दिव्यापाशी फोन ठेवून लावलं. टाळ वाजले, तात्या गायले. घरातल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. भजन संपलं, पण टेप चालूच राहिला होता. कुणीतरी विचारतंय, "तात्या, चहा फक्कड झालाय! केला कुणी?"

आणि तात्या चारचौघांत हसून म्हणतायत –

"आमच्या इंदिरेनं! दुसऱ्या कुणाला जमणार?"

...

नरहर दिव्यापुढं लोळला हो. "आई, नाव घेतलं गं! तात्यांनी तुझं नाव घेतलं!" पण ऐकायला कोण होतं? ज्या कानांसाठी ते शब्द होते, ते कान राख होऊन नदीत गेले होते.

आता सांगा. दोष तिखट टाकणाऱ्याचा, की न जेवता उठणाऱ्याचा? गजाननाला विचाराल तर म्हणतो माझा, नरहरला विचाराल तर म्हणतो माझा. आता एकत्र भजनाला बसतात, पण नरहरला ते एक भजन पेटीवर धरवत नाही.

निवडणुका येतील, जातील. झेंडे उतरतील. तुमच्या खिशातल्या त्या डबीत, कुणाच्या तरी टोमण्याखाली, तुमच्यासाठी काय पडलंय – बघितलंत का कधी? आणि पाठवणाऱ्यांनो, चार घरं चालून जायला तुमचे पाय मोडलेत का?

टाळ्या नकोत आज. आरती थोडी थांबेल, देव समजून घेईल. ज्याच्याशी अबोला आहे तो याच मंडपात बसलाय, मला दिसतोय. उठा. आणि घरी गेल्यावर, बायकोचे कान आहेत तोवर, तिला एकदा नावानं हाक मारा.