बेर्ताच्या चपलेचं खरं नाव

...नाही, नाही, 'इंटरनेटवर सगळं मिळतं' असं म्हणणारा माणूस मला एकदा दाखवाच! समोर बसवतो, थंडगार बिअर हातात देतो आणि म्हणतो, बाबा रे, गाण्याचं नाव माहीत नाही, गाणाऱ्याचं माहीत नाही, देश माहीत नाही, भाषा कुठली तेही माहीत नाही, आता शोध! शोध की! त्या पांढऱ्या चौकटीत लिहू काय? 'टिंग टिडिंग टिंग'? तेही लिहिलं हो! घंटा विकणारी दुकानं आली. दारावरच्या घंटा, गाईच्या गळ्यातल्या घंटा, चर्चची तर हप्त्यानं मिळत होती!

आणि नाव का माहीत नाही? लेबल खरवडलं म्हणून. आणि लेबल कोणी खरवडलं? ...मीच!

हसू नका. आमच्या बारांकिया शहरात त्या काळी सगळेच पिकोवाले खरवडायचे. मी अरिस्तीदेस पेर्तुस, 'एल तेंब्लोर'चा मालक. एल तेंब्लोर म्हणजे भूकंप, आणि भूकंप म्हणजे माझा पिको... अहो, पिको! भिंतीएवढा स्पीकर, पुढं रंगवलेलं चित्र, माझ्या पिकोवर फुटणारा डोंगर होता. रविवारी दुपारी गल्लीत उभा केला की चार घरांवरची कौलं नाचायची. आणि त्याच्यावर वाजवायचं काय? आफ्रिकेतली गाणी! बोटीवरचे खलाशी आणायचे. जे गाणं दुसऱ्या कुणाकडे नाही ते ज्याच्याकडे, तो राजा. मग दुसऱ्याला नाव कळलं तर तोही मागवेल ना? म्हणून रेकॉर्ड हातात पडली की पहिलं काम... ओल्या फडक्यानं लेबल भिजवायचं आणि चमच्यानं खरवडायचं. नाव आपण मनात ठेवायचं, आणि लोक देतील ते नाव लोकांचं.

मनात ठेवायचं! इथंच घोडं पेंड खातं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात खलाशानं रेकॉर्ड आणून दिली, आणि मी पाहतो तर काय, समोरच्या न्हाव्याकडे तोंडाला साबण लावून कोण बसलंय? नासियान्सेनो! माझा वैरी. त्याच्या पिकोचं नाव 'ला आम्बुलान्सिया'. का, तर म्हणे, "भूकंपात पडलेल्यांना उचलायला कुणीतरी हवं ना!" असला आगाऊ! आरशातून माझ्याकडेच बघत होता हो! मी म्हटलं, याची नजर घारीची, लांबून वाचेल. घेतला चमचा, दात ओठ खाऊन खर्र खर्र खर्र... एका मिनिटात लेबल साफ. कपाळाचा घाम पुसला आणि मग लक्षात आलं... अरे, मी तरी कुठं वाचलं?

तर लेबल कोणी खरवडलं? मीच!

पण गाणं, तुम्हाला सांगतो... गिटार अशी, की कुणीतरी पायाच्या तळव्याला गुदगुल्या करतंय. पहिल्यांदा लावलं त्या दुपारी बेर्ताबाई, चांगली पंच्याऐंशी किलोची बाई, खुर्चीतून उठली, एक गिरकी घेतली आणि तिच्या पायातली चप्पल उडाली ती थेट सांकोचोच्या पातेल्यात! अख्ख्या गल्लीसाठी कोंबडीचं कालवण शिजत होतं, त्यात डुबुक! बाई ओरडली, "माझी चप्पल!" आणि झालं, गाण्याचं बारसं झालं. 'बेर्ताची चप्पल'. आजही बारांकियातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, बेर्ताची चप्पल आठवते का, तो डोळे मिटून डोलायला लागेल. आणि कालवण? लोकांनी वाट्या चाटून खाल्लं.

त्या बेर्ताबाईची मुलगी देल्फिना. चप्पल काढायला डाव घेऊन आली, मला म्हणाली, "आईची चप्पल उडवलीस, आता भरून कोण देणार?" मी म्हटलं, "जन्मभर देतो की!" वर्षाच्या आत लग्न.

आणि लग्नातच घात झाला. नासियान्सेनोला आमंत्रण होतं, वैरी झाला तरी गल्लीतला. मी म्हटलं, हा रेकॉर्ड पळवणार. म्हणून काय केलं, रेकॉर्ड एका खुर्चीवर उशीखाली लपवली. सुरक्षित! तिथं कोण बघणार? ...बघितलं नाही कुणी. बसल्या. बेर्ताबाई बसल्या. कट्! पाच तुकडे! आता सासूला काय बोलणार, लग्नाच्या दिवशी? आणि उशीखाली ठेवली कोणी? ...मीच. तेही मीच.

बरं, हे सगळं आत्ताच उकरून का काढतोय? तर देल्फिनाचा गुडघा. चार महिन्यांपूर्वी नवा बसवला. डॉक्टर म्हणाला, "चालवा, नाहीतर कायमचा आखडेल." पण ही उठेल तर शपथ! खुर्चीत बसून हातपंख्यानं वारा घेत राहायची. मी म्हटलं, "दहा पावलं टाक." तर म्हणते, "दुखतं." बाहेर ये, "दुखतं." आधी वाटलं, नाटक करतेय. पण एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं, ती एकटीच त्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि तोंड इतकं लहान झालं होतं... मला भीती वाटली हो. खरंच सांगतो. बेचाळीस वर्षं मी त्या बाईच्या पायांकडे बघत आलोय.

मी जवळ गेलो. "काय केलं म्हणजे उठशील?" तर म्हणाली, "ए म्हाताऱ्या, बेर्ताची चप्पल लाव. मग बघ उठते की नाही."

घ्या! चंद्र माग, आणून देतो. गाणी माग, दुसरी हजार आहेत. नाही, हेच पाहिजे!

मग आमची मुलगी युरानिस. तिनं फोनवर मला एका मंडळीत घुसवलं, 'हरवलेल्या पिकोंची गाणी'. नऊ हजार वेडे! जगभरातले! एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही, पण फुटक्या रेकॉर्डचा फोटो टाकला की सगळे रडतात. युरानिस म्हणाली, "बाबा, तुम्ही गुणगुणा, मी रेकॉर्ड करते." मी घसा साफ करून मनापासून म्हटलं, टिंग टिडिंग टिंग, टिंग टिडिंग टिंग... टाकलं. पहिलं उत्तर कार्ताहेनाहून आलं, "काका, दाढ दुखतेय का?" दुसरा म्हणतो, "हे गाणं नाही, हा आमच्या गल्लीतला आइस्क्रीमवाला." फिनलंडच्या एका गृहस्थानं तर दोन पानं लिहिली. हे कुठल्या नदीच्या कुठल्या काठावरचं आहे, कुठल्या साली कुठल्या गिटारीवर वाजवलंय, इतकं सविस्तर, आणि शेवटी नम्रपणे विचारतो, "लेबलवर काय लिहिलंय?"

अरे, लेबल असतं तर मी तुझी दोन पानं वाचली असती का?

पण गंमत सांगू? त्या शोधात मला बाकी सगळं सापडलं! चाळीस वर्षं न ऐकलेली गाणी! एक लावावं तर त्याच्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं. प्रत्येकाला लोकांनी दिलेली नावं, 'विधवेचा पंखा', 'तीन पायांचं टेबल', आणि शेजारी कुणीतरी शोधून लिहिलेलं खरं नाव, गाणाऱ्याचा फोटो, अगदी कोट घालून! मी एका फोटोला हात जोडले. म्हटलं, दादा, तुमच्या जिवावर चार वर्षं राजा होतो, आणि तुमचं नाव मी चमच्यानं...! तीन दिवस जेवण विसरलो. मक्याची आरेपा हातात गार व्हायची. युरानिस म्हणायची, "बाबा, आईचं गाणं शोधताय ना?" शोधतोय, शोधतोय!

चौथ्या दिवशी सकाळी दारात काठीचा आवाज. कोण? नासियान्सेनो! पंचाहत्तरीचा झालाय, कवळी लावलीय, पण हसणं तेच, आगाऊ.

"ऐकलं तुझं गुणगुणणं," म्हणाला. "बारांकियातली कुत्री पळाली."

"कशाला आलास?"

खिशातून काढली कॅसेट. "बेर्ताची चप्पल."

"तुझ्याकडे... कशी?"

"पहिल्याच दुपारी पलीकडच्या अंगणात रताळ्यांच्या पोत्यात टेपरेकॉर्डर लपवला होता. न्हाव्याकडेच ठरवलं होतं."

बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं हा माणूस माझं गाणं उशाला घेऊन झोपत होता! मी ओरडलो, "मग वाजवलं का नाहीस कधी?"

"कसं वाजवणार? दर अर्ध्या मिनिटाला तू माइकवरून मध्ये भुंकतोयस, 'फक्त एल तेंब्लोरकडे! फक्त एल तेंब्लोरकडे!' म्हणून घरी बसून तुझ्या प्रत्येक भुंकण्यावर मी माझा सायरन भरला."

"मग?"

"मग चोरीची लाज वाटली." खाली मान घालून म्हणाला. "देल्फिनाचा गुडघा कळला. म्हटलं, आता कसली लाज."

युरानिसनं शेजाऱ्याकडून जुना टेप आणला. देल्फिना खुर्चीत, आम्ही दोघं म्हातारे दोन बाजूंना. बटण दाबलं. खर्रर्र... आणि गिटार! तीच! टिंग टिडिंग टिंग! (मी बरोबर गुणगुणलो होतो, त्या कार्ताहेनावाल्याला कुणीतरी कळवा.) तेवढ्यात सायरन, वँऽऽव वँऽऽव! पुन्हा गिटार. पुन्हा सायरन. शेजारची बाई धावत आली, "कुणाला नेताय?" मी म्हटलं, "गप, ऐक!"

आणि मग एका जागी नासियान्सेनो सायरन भरायला विसरला होता. गल्ली हसतेय, पातेलं वाजलं, डुबुक... आणि बेर्ताबाईचा आवाज. "माझी चप्पल!"

सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यांचा आवाज कुणाकडेच नव्हता. आम्ही गाणी जपणारी माणसं हो, आईचा आवाज कोण जपतो?

देल्फिनानं हातातला पंखा खाली ठेवला. खुर्चीचे हात धरले. मी पुढं झालो तर म्हणाली, "हो बाजूला." उभी राहिली! एक पाऊल. दुसरं पाऊल. डोळ्यांतून पाणी, आणि खांदे... खांदे नाचायला लागलेले! आईनं घेतली होती तशीच हिनं एवढीशी गिरकी घेतली, एवढीशीच, आणि म्हणाली, "पुन्हा लाव." मी रडलो. नासियान्सेनो रडला, त्याची कवळी सुटली. अकरा वेळा लावलं.

इथं संपवायला हवं होतं, नाही का? पण मी संपवेन तर!

युरानिसनं टेप मंडळीत टाकली. नऊ हजार वेडे सायरनसकट नाचले. आठवड्यानं माझ्या फोनवर निरोप आला, आफ्रिकेतल्या ब्राझाव्हिलहून ओदेत नावाच्या बाईंचा. "ही माझ्या वडिलांची गिटार. आमच्याकडेही रेकॉर्ड उरली नाही. नऊ वर्षांची असताना शेवटची ऐकली होती. सायरनसकट चालेल, देव तुमचं भलं करो. गाण्याचं नाव..." पुढचं खाली होतं. सरकवायला बोट लावलं, आणि मानेवर श्वास जाणवला. नासियान्सेनो! हल्ली रोज कॉफीला येतो. वाकून म्हणतो, "काय, काय नाव लिहिलंय?"

तुम्हाला सांगतो, मी काही केलं नाही. अंगठ्यानं केलं. बेचाळीस वर्षांची सवय! निरोप पुसला, वर बाईंनाच ब्लॉक करून टाकलं! युरानिस किंचाळली, "बाबाऽऽ!"

लेबल कोणी खरवडलं? पुन्हा मीच!

मग नासियान्सेनोनं स्वतःच्या फोनवरून त्या बाईंना लिहिलं. उत्तर आलं. वाचलं. हसला. कॅसेटवर सावकाश, सुंदर अक्षरात ते नाव लिहिलं, मला लांबूनच दाखवलं, माझा चष्मा आत... आणि माझ्याच स्वयंपाकघरातला चमचा घेऊन माझ्या डोळ्यांदेखत खर्र खर्र खर्र!

युरानिसनं बाईंना विचारलं तर उत्तर आलं, "नासियान्सेनोकाकांनी सगळं सांगितलं. बाबा असते तर पोट धरून हसले असते. नाव नाही सांगायचं!" आता युरानिसला माहीत, देल्फिनाला माहीत, फिनलंडला माहीत. मी आलो की सगळे गप्प.

रोज संध्याकाळी पाच वाजता देल्फिना उठते, गाणं लागतं, सायरन होतो, नासियान्सेनो टाळ्या वाजवतो आणि मी नाचतो. नाव नसलेल्या गाण्यावर. तक्रार तरी कुणाकडे करू? या खेपेला लेबल मी खरवडलं नाही हो, देवाशपथ नाही...

पण त्याला शिकवलं कोणी? मीच!