विसर्जनानंतरचा तिसरा दिवस

नाही रे, तसं नसतं ते — कोणी माणूस बसून रेट ठरवत नाही, सांगितलं ना तुला, मशीन ठरवतं. बस आधी. गळ्यातलं ते कार्ड सरळ कर, उलटं झालंय, बाहेर सिक्युरिटी दोनदा अडवेल. कॉफी घे, साखर बाजूला आहे. तर स्वप्नील, हे बघ, स्क्रीनच वळवते तुझ्याकडे — हे आमच्या वॉटर पार्कचं वर्षाचं कॅलेंडर. हिरवा दिवस म्हणजे सगळ्यात स्वस्त, माणशी नऊशे. पिवळा तेराशे. लाल एकोणीसशे. मे महिना बघ, अख्खा लाल. दिवाळी लाल, नाताळ लाल. जुलै हिरवा, कारण शाळा सुरू, वर पाऊस, कोण येतंय मरायला? आणि हा पितृपक्ष — हा पंधरवडा सगळा हिरवा. लोक पितृपक्षात साधी चप्पल घेत नाहीत, झोपाळ्यात कोण बसणार? आणि त्यातच हा एक दिवस लाल. हो, तोच. विसर्जनानंतरचा तिसरा दिवस. तुमच्या सहलीचा.

मला काय विचारतोस कसा लाल झाला? मशीन बघतं कुठल्या दिवशी किती माणूस येतं, किती बुकिंग होतं, आणि चढवतं रेट. त्याला काय माहीत करी रोडचं मंडळ आणि त्याचे कार्यकर्ते. मेल टाकायचास ना — टाकलास? दोन? मग उत्तर आलंच असेल, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.' ते पण मशीनच पाठवतं. आणि तू एवढं खालून वर चढून आलास, सीमाताईला भेटतो, ती आपल्या चाळीतली, ती शब्द टाकेल — ताई काय रे एकदम? शाळेत असताना शेंबडी म्हणायचास. असू दे, चांगलं वाटतं ऐकायला.

दुसऱ्या दिवशी जा मग. आठवडाभर सगळं हिरवं आहे, पुढचा बुधवार घे, गुरुवार घे. नाही जमणार? — माहितेय मला नाही जमणार, मलाच कशाला समजावतोस. अर्धी चाळ आता बदलापूर, विरार, कुठे कुठे गेलीय, गणपतीला येतात, अकरा दिवस खोलीत दाटीवाटीने राहतात, विसर्जनाला चौपाटीवर रात्र काढतात, दुसऱ्या दिवशी मेल्यासारखे झोपतात आणि तिसऱ्या दिवशी सहल. चौथ्या दिवशी जो तो कामावर. वर्षातनं एकदा सगळे एका बसमध्ये. ती सहल मोडली तर पुढच्या वर्षी निम्मे गणपतीलाच येणार नाहीत — हेच सांगायला आलायस ना? बरोबर आहे तुझं. नाहीच येणार. मी पण कुठे येते?

आणि तुझी मुलगी, काय नाव, श्रेया. गेल्या वर्षी दोन बोटांनी कमी पडली म्हणून मोठ्या रोलर कोस्टरवर घेतलं नाही, वर्षभर दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करतेय, आता झाली साडेचार फूट. फोनवर सांगितलंस, लक्षात आहे माझ्या. पण एक सांगू का, साडेचार फूट झाली ना, की मुलाचं तिकीट बंद. मोठ्या माणसाचं लागतं. आमच्याकडे वय नाही विचारत, उंचीच मोजतात, खोटं बोलायची भानगड नाही. म्हणजे पोर वर्षभर वाढली ती तुझा खिसा कापायला. हसतोस काय? — नाही हसलास. बरं.

काय? मशीन हुशार आहे म्हणतोस? पितृपक्षातला नेमका तोच दिवस हेरला म्हणून? डोंबल हुशार! मशीनला काय कळतंय रे त्यातलं? मशीनला दहा वर्षं तो दिवस हिरवाच वाटत होता. विसर्जनाची तारीख दर वर्षी बदलते, कधी सप्टेंबरच्या सुरुवातीला, कधी शेवटी, मशीन इंग्रजी तारखा बघतं, त्याला वाटायचं सप्टेंबरात कधीतरी उगाच एक दिवस बसगाड्या येतात, असेल कुठलं लग्नाचं वऱ्हाड — आता पितृपक्षात कुठलं आलंय लग्न? आमचे हर्षवर्धन सर, एवढे शिकलेले, परदेशातनं आलेले, त्यांनी तो दिवस बघून मीटिंगमध्ये काय म्हणावं, तर 'धिस इज नॉइज.' म्हणजे उगाच गडबड, सोडून द्या. चौदा माणसं टेबलाभोवती, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, सर, नॉइज नाही. ही लालबाग-परळची माणसं आहेत. ही मे महिन्यात गावाला जातात, दिवाळीत त्यांना परवडत नाही, गणपतीत मंडपातनं हलत नाहीत. यांचा वर्षातला एकच दिवस असतो आणि तो ही मंडळी काही झालं तरी बदलत नाहीत. तुम्ही दुप्पट करा, तरी येतील. — असं बोलले मी. मग मीच पंचांगावरून पुढच्या पाच वर्षांच्या तारखा काढून दिल्या.

हां, म्हणजे — मशीनमध्ये घालावं लागतं ना कोणीतरी. तसं बोलतेय मी. असा बघू नकोस. नोकरी आहे ही माझी. एप्रिलमध्ये प्रमोशन झालं, ही केबिन मिळाली, तू आत येताना बघितलंस ना नाव दारावर. ते काय पास वाटून मिळालं का? त्या चौदा जणांत एक माणूस असा नव्हता ज्याला तिसरा दिवस म्हणजे काय ते ठाऊक होतं. मला होतं. मी लहानपणापासून ऐकत आले तिसरा दिवस, तिसरा दिवस. बघितला मात्र नाही कधी.

का म्हणजे? तुला माहीत नाही? तू होतास की बसमध्ये, मागच्या सीटवर, तोंडाला तो कागदाचा भोंगा लावून बोंबलत होतास. मी अकरा वर्षांची. दहा दिवस मंडपात बसून प्रसादाचे पुडे बांधले होते, बोटांना साखर लागून मुंग्या चावायच्या. नवा फ्रॉक नव्हता, मग धाकट्या भावाच्या, धनेशच्या जावळातलाच परकर-पोलका घालून पहाटे पाचपासून खाली उभी. आणि बसच्या दारात तुझे बाबा, राजारामकाका, हातात यादी. जागा कमी पडल्या होत्या, म्हणून आयत्या वेळी नियम काढला, कार्यकर्त्याच्या घरातलं एकच पोर. मी चढले होते रे. आत बसले होते. उतरवलं मला तुझ्या बाबांनी. अख्ख्या चाळीसमोर. आणि तुम्ही दोघं भाऊ मात्र गेलात, अध्यक्षांची पोरं ना, तिथे कसला नियम. काका गेले ते कळलं मला तीन वर्षांपूर्वी. भेटायला आले नाही. वाईट वाटलं — खोटं कशाला बोलू, नाही वाटलं.

म्हणून केलं का? छे. म्हणून कोणी एवढं करतं का? सत्तावीस वर्षं झाली त्याला. धंदा आहे हा. त्या एका दिवशी एक्याण्णव बसगाड्या येतात, गिरगावपासून काळाचौकीपर्यंतच्या, घरनं डबे आणतात, आत वडापावसुद्धा घेत नाहीत, जेवढं निघेल तेवढं तिकिटातच निघायला हवं. आता मंडळं भांडतील, शिव्या देतील, पण येतील. तू पण आणशील बघ एकसष्ट माणसं. पोरीला काय सांगणार आहेस, पेन्सिलची खूण पूस म्हणून?

ए. उठू नकोस. बस. — बस म्हणते ना. रडकं तोंड करून माझ्या केबिनमधून जाऊ नकोस, बाहेर मुलं बसलीत माझ्या हाताखालची. हे बघ, तुला गंमत दाखवते. हा दिवस, इथे क्लिक केलं, इथे ग्रुप कोड, सवलतीचा. मला अधिकार आहे, सीझनला दोन ग्रुप, कोणाला विचारावं लागत नाही. एक मिनिटाचं काम. तुमचे एकसष्ट नऊशेमध्ये बसतात. हो, लाल दिवशी हिरवा रेट. बघ, आता कसा चेहरा फुलला! मंडपात माइकवरून सांगायचं मात्र, सीमा लवू परब यांच्या सौजन्याने. नाव पूर्ण घ्यायचं. आणि श्रेयाला म्हणावं, सीमाआत्याने दिलं. आण ती यादी, नावं टाकावी लागतात एकेक. कागदावरच आहे? तुम्ही सुधारणार नाही. अक्षर बाकी काकांसारखंच आहे तुझं.

बकुळा मावशी — अजून आहे? शाब्बास. पुष्कर, त्याची बायको, दोन मुलं. बघ, आता दोन पोरं चालतात तुम्हाला. मनमोहनमामा, त्यांना कुठल्या झोपाळ्यात बसवणार, नुसतं सावलीला बसतात का? कौसल्याकाकू. सुभद्रा ल—

हे कोण? सुभद्रा लवू परब. ही आमची आई?

नाही, तू कोणाच्या तरी सांगण्यावरून घातलं असशील. ती नाही जात कुठे. मी तीनदा पास पाठवले तिला, जेवणासकटचे, गाडी पाठवते म्हटलं, दारातून दारात, मी स्वतः येते बरोबर. म्हणाली गुडघे दुखतात. म्हणाली गर्दी सोसत नाही, चक्कर येते पाण्याकडे बघून. — दर वर्षी? किती वर्षं? नऊ? नऊ वर्षं तुमच्याबरोबर जाते आणि मला म्हणते… काय करते तिथे? पाण्यात? आई पाण्यात उतरते? साडी खोचून? तुम्ही सगळे हसता, ती पण हसते. बरं. छान. फोटो नको दाखवूस. नको म्हटलं ना, ठेव तो फोन.

खिडकीशी बसते का रे बसमध्ये? — अजून खिडकीशीच. तेव्हा पण खिडकीशी होती. डावीकडची तिसरी खिडकी. धनेश मांडीवर. तुझ्या बाबांनी ना, नुसतं म्हटलं होतं, 'एक उतरवा, वहिनी.' एक. माझं नाव नव्हतं घेतलं त्यांनी. त्यांना काय, कोणीही चाललं असतं. तिने माझ्याकडे बघितलं, धनेशकडे बघितलं, आणि मला म्हणाली, 'तू मोठी आसस ना गो. रव तू घराक.' मी उतरले. बस सुटेपर्यंत मला वाटत होतं, ती पण उतरेल. धनेशला घेऊन उतरेल, म्हणेल, आम्हाला नको तुमची सहल. बस सुटली तर हात केला तिने मला. हसून. धनेश आता मेलबर्नला, महिन्यातनं एक फोन. तिच्या गोळ्या मी आणते, गुडघ्याचा डॉक्टर मी बघितला, आणि ती तिसऱ्या दिवशी —

काही नाही. बंद केलं. लॅपटॉप बंद केला, दुसरं काय. कोड? कसला कोड? नाही निघत, सिस्टीम घेत नाही. प्रयत्न केला ना तुझ्यासमोर. एकोणीसशे माणशी, एकसष्ट माणसं, यायचं तर या, नाहीतर नका येऊ. श्रेयाला मोठी झाली म्हणून सांग, कळेल तिला, मला कळलं होतं. ही घे तुझी यादी. कॉफी राहिली तुझी, राहू दे. आणि आईने विचारलं, सहल का मोडली, सीमाकडे गेला होतास ना, ती काय म्हणाली — तर म्हणावं, ती काय करणार, मशीन ठरवतं.

जा आता, माझी मीटिंग आहे. ते कार्ड खाली जमा कर.